शिलाई मशीनवर माऊस मावत नाही, ट्रॅकबॉल घ्यावा का?

जुळारी
१२ जून, रात्री ११:४८

नमस्कार मंडळी. प्रश्न एका ओळीचा आहे, पण मला पाल्हाळाशिवाय विचारता येत नाही. चहा घेऊन बसा.

मी घरून डीटीपी करते, म्हणजे अंकांची पानं संगणकावर लावते. गिरगावात चाळीत दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत दिवाण, कपाट, देव्हारा, टीव्ही आणि सासूबाईंचं पायाने चालवायचं शिलाई मशीन. मशीन आत पाडून वर फळी टाकली की ते माझं टेबल. मोजलंय मी: लांबी तीन फुटांना दोन इंच कमी, रुंदी दीड फूट. त्यावर मॉनिटर, मोठा कीबोर्ड, डाव्या हाताला प्रुफांची चळत, आणि उजवीकडे जी सातेक इंच जागा उरते तिच्यात माऊस. डाव्या पानावरची चौकट उजव्या पानावर ओढत न्यायची तर माऊस दोनदा उचलून मागे आणावा लागतो. तिसऱ्यांदा तो फळीवरून खाली उडी मारतो. शिवाय पाय मशीनच्या पायट्यावर असतात. मजकूर कुठे तोडावा याचा विचार करताना नकळत पायटा हलतो आणि पडद्यावरचा बाण भूकंप आल्यासारखा थरथरतो. घरातले हसतात. मीही हसायचे, मेपर्यंत.

मेपासून उजवं मनगट दुखतंय. करंगळीच्या बाजूने सुरू होतं आणि कोपरातून खांद्यापर्यंत जातं. कधीकधी अंगठ्याच्या मुळाशीही चमक येते, पिळे काढताना वगैरे, पण ते कामामुळे असेल असं वाटत नाही. आता जुलै लागला की दिवाळी अंक. यंदा तीन अंक हातात आहेत, त्यांतला एक सव्वादोनशे पानांचा. संपादक शेवटच्या आठवड्यात पूर्ण पानाची जाहिरात आणतात आणि मग चाळीस पानं पुढे सरकतात. हात त्याआधी ठीक व्हायला हवा.

तर ट्रॅकबॉल. हा शब्द मला महिन्याभरापूर्वी माहीत नव्हता. पोटाच्या सोनोग्राफीला गेले होते (काही नाही, पित्त). आडवी पडल्यापडल्या बघत होते, डॉक्टरबाई उजव्या हाताने ते गार जेल लावलेलं यंत्र पोटावर फिरवत होत्या आणि डाव्या हाताखाली एक चेंडू होता. तो बोटांनी जरासा फिरवला की पडद्यावरची खूण बरोबर पित्ताशयाच्या कडेला. हात जागचा हलला नाही. मी त्यांना विचारलं, हे काय आहे? त्या म्हणाल्या, श्वास रोखा.

बाहेर येऊन मुलीला विचारलं, तिने नाव सांगितलं. मग नेटवर पाहिलं तर अंगठ्याचे, बोटांचे, वायरचे, बिनवायरचे, डोकं चक्रावलं. माझं काम मुख्यतः इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये: चौकटी ओढणं, मजकूर निवडणं, क्वचित पेन टूलने फोटो कापणं. पाच हजारांच्या वर जायचं नाहीये. चेंडूने चौकट नेमक्या जागी बसवता येते का? आणि हे सगळं हाताला खरंच बरं पडतं, की नव्याची नवलाई?

(नावाबद्दल कुणीतरी विचारेलच: वडील छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवायचे. मी त्याच धंद्याची शेवटची डहाळी.)

लॅमिंग्टन_मुरलेला
१३ जून, सकाळी ९:१०

ताई, "दुकानात जाऊन हात लावून बघा" असं सगळे सांगतील. मी लॅमिंग्टन रोडवर, संगणकाच्या बाजारात, अठरा वर्षं काढली आहेत. पाटीवर भडकमकर मार्ग आहे, पण ते नाव ग्राहक कधी घेत नाही. तिथे माऊसची भिंत असते, ट्रॅकबॉलचा एखादा खोका असतो, तोही सीलबंद. उघडायला सांगितलं तर दुकानदार आधी पैसे मागतो. त्याचंही चुकत नाही.

दोन जाती लक्षात ठेवा. पहिली अंगठ्याची. चेंडू डाव्या कुशीला, बाकी आकार माऊससारखाच, बटणं नेहमीच्याच बोटांखाली. लॉजिटेकचा एर्गो एम५७५ यातला, चेंडू ३४ मिमी. त्याच्या वरचा एमएक्स एर्गो, त्याला खाली लोखंडी पट्टी असते, २० अंशांत तिरका बसतो, पण तुमच्या बजेटबाहेर. सवय लवकर होते, कारण हात आधीच त्या आकाराला सरावलेला असतो. एक गोष्ट मात्र पक्की, हे फक्त उजव्या हाताचे.

दुसरी जात बोटांची. चेंडू मधोमध, त्यावर तर्जनी-मधलं बोट, क्लिक अंगठ्याने. केन्सिंग्टनचे एक्सपर्ट माऊस आणि स्लिमब्लेड यात येतात. चेंडू ५५ मिमी, म्हणजे स्नूकरच्या चेंडूपेक्षा किंचित मोठा. यंत्रच तळहाताएवढं. तुमच्या सात इंचांत बसेल, पण बाजूला चहाचा कप ठेवता येणार नाही. त्याच कंपनीचा ऑर्बिट लहान, चेंडू ४० मिमी, टेबल टेनिसच्या चेंडूएवढा. स्क्रोल करायला चेंडूभोवती कडं असतं. दोनच बटणं. दोन्ही हातांना चालतो आणि बजेटमध्ये येईल.

स्वस्तातले बिनानावाचे घेऊ नका. चेंडू ज्या तीन टेकूंवर बसतो तिथेच ते पैसे वाचवतात. चेंडू अडखळत फिरतो आणि माणूस म्हणतो ट्रॅकबॉल वाईट.

कुरकुऱ्या
१३ जून, दुपारी १:३२

टचपॅड घ्या की. जागा कमी, चेंडू नाही, मळ नाही. किंवा ऑफिससारखं टेबल घ्या. शिलाई मशीनवर काम करून हात दुखतो म्हणे.

जुळारी
१३ जून, दुपारी २:०५

@कुरकुऱ्या, टेबल घेते, तुम्ही खोली घेऊन या.

टचपॅड लॅपटॉपवर वापरलाय. दीडशे चौकटी दिवसाला ओढल्या की बोटाच्या टोकाला आग होते. पावसाळ्यात बोटं दमट असली की तर ते काच पुसल्यासारखं होतं.

फिजिओ_माटुंगा
१३ जून, रात्री ८:५५

जुळारी, तुम्ही कंसात टाकल्यासारखं एक वाक्य लिहिलंय, त्यावर मी अडकले. अंगठ्याच्या मुळाशी चमक, पिळे काढताना. तेच आधी बघा, बाकीचं नंतर.

अंगठा बाजूला उचलणाऱ्या आणि ताणणाऱ्या दोन शिरा मनगटाच्या त्या बाजूला एका अरुंद बोगद्यातून जातात. (शिरा म्हणजे स्नायूंच्या दोऱ्या, रक्ताच्या नव्हेत.) तिथलं आवरण जाड होऊन दोऱ्या घासायला लागल्या की नेमकं हेच होतं: पिळताना, बरणीचं झाकण उघडताना, तान्हं बाळ उचलताना चमक. याला द कर्व्हेनचा आजार म्हणतात. स्वित्झर्लंडच्या एका सर्जनने १८९५ मध्ये वर्णन केलं, त्याचं नाव. हाच तुम्हाला आहे असं मी इथे बसून सांगू शकत नाही. हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, ते अंगठा मुठीत घ्यायला सांगून मनगट करंगळीकडे वळवतील आणि दोन मिनिटांत कळेल. घरी जोर लावून ते करून बघू नका, निदान माझं नाव सांगून नको.

पण तसं निघालं तर अंगठ्याचा ट्रॅकबॉल म्हणजे आगीतून फुफाट्यात. आज जे काम खांदा-कोपर-मनगट वाटून घेतात ते सगळं त्या एका दुखऱ्या अंगठ्यावर. माझ्याकडे असे येतात: माऊस सोडला, मनगट थांबलं, तीन महिन्यांत अंगठा धरला.

आणि ट्रॅकबॉलच्या आधी फुकटचा नाहीतर स्वस्तातला उपाय. तुमचा कीबोर्ड मोठा आहे म्हणालात. त्याच्या उजवीकडचा आकड्यांचा भाग वापरता का? तो चारेक इंच जागा खातो आणि माऊस तितका बाहेर ढकलतो. हात त्याच्यामागे बाहेर जातो, मनगट करंगळीकडे वाकतं, खांदा उचललेला राहतो. तुमचं दुखणं ज्या वाटेने वर चढतं ती हीच वाट. आकड्यांशिवायचा आखूड कीबोर्ड लावा. मग माऊस असो वा चेंडू, तो छातीसमोर येईल.

जुळारी
१३ जून, रात्री ९:२०

आकड्यांचा भाग यजमान महिन्यातून एकदा सोसायटीच्या हिशेबाला वापरतात. बाकी काळ त्यावर माझा चष्मा असतो.

डॉक्टरांना दाखवते. खरं सांगायचं तर अंगठ्याचं मी मुद्दामच कंसात टाकलं होतं.

जेल_पुसणारा
१४ जून, सकाळी ७:४०

सोनोग्राफीचं नाव काढलंत म्हणून लिहितोय, एरवी मी इथे नुसता वाचतो. सोनोग्राफी मशीनचा सर्व्हिस इंजिनिअर होतो, परळ-शीवच्या हॉस्पिटलांत उभं आयुष्य गेलं, आता निवृत्त. त्या चेंडूच्या जितक्या तक्रारी मी सोडवल्या तितक्या बाकी सगळ्या मशीनच्या मिळून नसतील.

आणि दहांतल्या आठ तक्रारींचं कारण एकच, जेल. डॉक्टरांचा हात पेशंटवरून चेंडूवर येतो, जेल कडेने आत उतरतं, वाळतं. जुन्या मशीनमध्ये चेंडूखाली दोन बारीक रूळ असायचे, एकमेकांशी काटकोनात. एक आडवी हालचाल मोजणारा, एक उभी. रुळावर जेलचा पापुद्रा चढला की खूण आडवी धावायची पण वर सरकायची नाही. डॉक्टर म्हणायचे, मशीन गेलं. मी चेंडू काढून रूळ पुसायचो, दहा मिनिटांत मशीन परत यायचं. नंतर रूळ गेले. घरगुती ट्रॅकबॉलमध्ये हा बदल लॉजिटेकच्या ट्रॅकमॅन मार्बलने १९९५ साली आणला. चेंडूवर ठिपके, खाली एक डोळा, ठिपके कुठे सरकले ते तो बघतो. आता जवळपास सगळे असेच. म्हणून चेंडू हरवला तर त्याच मापाचा कुठलाही गुळगुळीत चेंडू टाकून चालत नाही, डोळ्याला बघायला काही लागतं.

तुम्ही माऊसला जुनं आणि चेंडूला नवं समजताय असं वाटलं. उलट आहे. चेंडूची कल्पना १९४६ची, ब्रिटिश नौदलाच्या रडारसाठी राल्फ बेंजामिन यांनी काढलेली, गुप्त ठेवलेली. कॅनडाच्या नौदलासाठी १९५२च्या सुमारास जे यंत्र झालं त्यात चक्क बोलिंगचा चेंडू बसवला होता, त्यांच्याकडच्या पाच खुंट्यांच्या खेळातला लहान. अमेरिकेच्या डग्लस एंगलबार्टचा माऊस १९६४चा आणि लोकांना दिसला १९६८च्या डिसेंबरात. जहाजावर चेंडू का, तर तुमच्याच कारणाने. टेबल हलतं आणि जागा नसते. पायटा हलला तरी तुमचा बाण थरथरणार नाही, कारण यंत्र फळीबरोबर हलतं आणि चेंडू यंत्राबरोबर.

नेमकेपणाचं विचारलंत. डॉक्टर बाळाच्या मांडीच्या हाडाची लांबी मिलिमीटरमध्ये मोजतात, ती याच चेंडूने. माझ्या अनुभवात बोटाच्या पेरात जी नजाकत आहे ती अंगठ्यात नाही. म्हणून माझं मत बोटांच्या बाजूने, आणि चेंडू जितका मोठा तितका बारीक कामाला बरा.

दोन सेटिंग करा. विंडोजमध्ये बाणाचा वेग वाढवा आणि "एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन" चालू ठेवा. माऊसवाले ते बंद करायला सांगतात, चेंडूला ते हवं. हळू फिरवला की बाण केसभर सरकतो, झटका दिला की पडदा पार करतो. दुसरं म्हणजे माऊसच्या सेटिंगमध्येच "क्लिकलॉक" आहे. बटण क्षणभर दाबून सोडलं की दाबलेलंच धरलं जातं, मग मोकळ्या बोटांनी चौकट ओढा, परत एक क्लिक केली की सुटते. आणि शेवटचा अर्धा मिलिमीटर चेंडूने कशाला? बाणाच्या कळा आहेत.

लोकल_८_१४
१४ जून, दुपारी १२:१५

माझ्याकडे अंगठ्याचा एक पडून आहे, ३४ मिमीवाला. ऑफिसने लॅपटॉप बदलला तेव्हापासून वापरत नाही. विकत घेण्याआधी पंधरा-वीस दिवस वापरून बघा ना. मी दादरला रोज उतरतो. अंगठा ठीक असेल तरच हां, वरच्या फिजिओ मॅडमनी घाबरवलंय.

जुळारी
२ जुलै, रात्री ११:१०

आढावा देते, आणि एक कबुली.

हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. मूठ, मनगट करंगळीकडे, आणि मी खुर्चीतून उठले. सुरुवात आहे म्हणाले. अंगठ्याला टेकू देणारा पट्टा दिला, पिळे बंद, मोबाइलवर अंगठ्याने टाइप करणं बंद. तर फिजिओ_माटुंगा, तुमचं बरोबर होतं.

पण त्याआधीच @लोकल_८_१४ यांच्याकडून दादरला पुलावर चेंडू ताब्यात घेतला होता. (गर्दीत पिशवी हातात देऊन हे गृहस्थ गाडीत चढले सुद्धा. आम्ही एकमेकांचं तोंड पुरतं पाहिलेलं नाही.) म्हटलं, डॉक्टरांची तारीख चार दिवसांनी आहे, तोवर बघू. पहिला दिवस भयंकर. "फाइल"वर जायचं तर बाण देव्हाऱ्याकडे. दुसऱ्या दिवशी रडकुंडीला आले आणि माऊस परत लावला. तिसऱ्या दिवशी दुपारी मजकूर निवडताना अचानक जाणवलं की मी चेंडूकडे बघत नाहीये. खांदा मोकळा होता. फळीवर कोपर टेकलेलं, हात जागच्या जागी. चौथ्या दिवशी खांदा उत्तम आणि अंगठा असा ठणकला की आमटीचा डाव धरवेना. मग डॉक्टर.

आता कबुली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चेंडू जरा अडखळायला लागला. बाहेर धो धो पाऊस, खोलीत कपडे वाळत घातलेले, हात चिकट. सासूबाई शेजारी बसून वाटाणे सोलत होत्या. म्हणाल्या, "अगं अडकतंय तर तेल घाल, मशीनला घालतो ना." टेबलाच्या खणात तेलाची लांब नळीची बाटली होतीच. मी विचार केला नाही. चेंडू काढला, दोन थेंब सोडले.

काय सांगू, दोन दिवस लोण्यासारखा फिरत होता! सासूबाईंची मान ताठ. तिसऱ्या दिवशी बाण मध्येच थांबायला लागला, मग एका ओळीवरून चौथ्या ओळीवर उड्या. चेंडू काढून पाहिला तर आतल्या त्या तीन बारीक टेकूंवर काळ्या टिकल्या झालेल्या, कपाळावरच्या टिकलीएवढ्या, गोल. कापडाचे तंतू आणि तेल यांचा लगदा. आणि मधल्या काचेच्या खिडकीवर तेलाचा थर. बिचाऱ्या डोळ्याला मोतीबिंदू.

@लोकल_८_१४, मला माफ करा. आता काय करू?

जेल_पुसणारा
३ जुलै, सकाळी ६:५०

हसू नये, पण हसलो. एका मोठ्या हॉस्पिटलात वॉर्डबॉयने खोबरेल घातलं होतं, त्यामुळे तुम्ही दुसऱ्या.

चेंडूला तेल नकोच. हाताचं जे नैसर्गिक ओशट लागतं तेवढं त्याला पुरतं. म्हणून कोरा नवा चेंडू पहिले काही दिवस चिकटल्यासारखा वाटतो, मग आपोआप सुटतो. केमिस्टकडून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा. कान साफ करायच्या काडीला लावून, निथळत नाही इतपत, तिन्ही टेकू पुसा. टिकली नखाने खरवडू नका, टेकू निसटला तर संपलं. खिडकी कोरड्या काडीने, हलक्या हाताने, मग अल्कोहोलच्या काडीने, परत कोरड्या. चेंडू चष्म्याच्या फडक्याने. संगणकाची वायर काढून करा आणि सुकायला दहा मिनिटं द्या.

पुढे दर आठवड्याला टिकल्या काढायच्या. शिलाईच्या टेबलावर धागे उडतातच, तेव्हा रात्री त्यावर रुमाल टाका.

लोकल_८_१४
३ जुलै, सकाळी ८:२२

माफी कसली, मी त्यावर एकदा कटिंग चहा सांडलाय.

लॅमिंग्टन_मुरलेला
३ जुलै, सकाळी १०:४०

ताई, मग आता बोटांचाच. ४० मिमीचा घ्या. क्लिक अंगठ्याने असते याची काळजी वाटेल, पण बटणं सॉफ्टवेअरमध्ये बदलता येतात. मुख्य क्लिक उजवीकडे घ्या, अनामिका-करंगळीने दाबा, अंगठा सुट्टीवर.

जुळारी
९ ऑगस्ट, रात्री १२:२०

महिनाभर गायब होते कारण सव्वादोनशे पानांपैकी एकशे साठ लावून झाली. तीही वेळेत!

काय केलं ते सांगते, कुणाला उपयोग होईल. आधी आखूड कीबोर्ड घेतला. आठवडाभर फक्त तो आणि जुना माऊस, दुसरं काही बदललं नाही. खांद्याचं दुखणं तेवढ्यानेच अर्ध्यावर आलं. हे मला कबूल करायला जड जातंय, कारण तोवर मी चेंडूच्या प्रेमात पडले होते. तरी तो घेतलाच, ४० मिमीचा, कड्यावाला, वायरचा. मोठ्यासाठी फळी रुंद नव्हती आणि खिसाही.

मुरलेले म्हणाले तसं मुख्य क्लिक उजवीकडे नेलं. करंगळीला क्लिक शिकवणं म्हणजे घरातल्या सगळ्यात धाकट्याला कामाला लावणं. आधी कुरकुर, मग ते इतकं अंगात भिनलं की यजमानांना माझ्या संगणकावर काही करता येत नाही. क्लिक केली की त्यांच्यासमोर मेनू उघडतो. हिशेबाचा प्रश्नही त्यामुळे मिटला, ते आता मोबाइलवर करतात.

चौकटी ओढायला क्लिकलॉक फार कामाला येतं. चौकट उचलली, चेंडूला टिचकी मारली की ती समोरच्या पानावर, मग शेवटचं बाणाच्या कळीने. शिफ्ट धरली की दहापट सरकते, म्हणून पान एकदम बसतं. मजकूर निवडताना मात्र मी अजून चुकते. ओळीच्या शेवटचा पूर्णविराम नाहीतर अवतरणचिन्ह हमखास सुटतं. तिथे एका जागी क्लिक, दुसऱ्या जागी शिफ्ट-क्लिक असं करते. कड्याने स्क्रोल करायला मजा येते, पण ते खरखरतं, आणि रात्री बारा वाजता दिवाणावर झोपलेल्या माणसाच्या कानाला ते उंदरासारखं ऐकू येतं असं मला कळवण्यात आलंय.

पेन टूलने फोटो कापायला मी आजही माऊस काढते. केसांच्या कडेने वळसा घालायला चेंडू मला जमला नाही. जेल_पुसणारे म्हणतील सवयीचा प्रश्न आहे, असेलही. अंकात तसे फोटो सातच आहेत.

एक अडचण आधी कुणी बोललं नव्हतं. बोटांचा ट्रॅकबॉल मागून उंच असतो, हात टेकवला की मनगट वर वाकतं. सोबत टेकू येतो, पण तो गुळगुळीत आणि गरम. मनगटाला घाम येऊन चिकटायचं. सासूबाई दोन दिवस बघत होत्या. मग एका दुपारी माझा सगळा संसार दिवाणावर हलवला, फळी काढली, मशीन वर घेतलं आणि जुन्या नऊवारीच्या तुकड्याची एक चपटी उशी शिवली, आत राई भरून. तान्ह्या बाळाच्या डोक्याखाली घालतात ना, तशी. गार राहते आणि मनगटाचा आकार धरते. तेलाच्या प्रकरणाचा हिशेब त्यांनी असा चुकता केला. बोलून दाखवलं नाही, मीही नाही.

वडिलांचा डावा अंगठा मला आठवतो. स्टिकमध्ये, म्हणजे हातात धरायच्या पट्टीत, खिळे जुळवताना ओळ डाव्या अंगठ्याने दाबून धरावी लागते, नाहीतर शब्द सांडतात. चाळीस वर्षं तो अंगठा तसाच दाबलेला, शेवटी शेवटी सरळ व्हायचा नाही. पेला धरतानाही ओळ धरल्यासारखा धरायचे. आम्हाला ती त्यांची लकब वाटायची. हे परवा पट्टा बांधताना सुचलं, इथे लिहायचं काही कारण नाही.

अंगठा आता साठ-सत्तर टक्के बरा आहे. पट्टा रात्रीच बांधते, डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करते, पिळे यजमान काढतात.

@लोकल_८_१४, तुमचा चेंडू शनिवारी दादरला परत करते, त्याच पुलावर, ८:१४च्या आधी. अल्कोहोलने तीनदा पुसलाय, बाण व्यवस्थित चालतो. मशीनच्या तेलाचा वास थोडा राहिलाय. पिशवीत एक राईची उशी पण आहे, ती तुमची.